नववं रीळ

९ नोव्हेंबर २०१३, शनिवार

शनिवार फुकट गेला असं सकाळी वाटत होतं. विनय नागोयाहून येणार आणि मी घरी नाही! पण सेन्सेई, म्हणजे आमचे प्राध्यापक, परवा सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "सुचित्रा-सान, त्सुरुहाशीला एका वयस्कर दिग्दर्शकाच्या जुन्या फिल्म आहेत, जरा बघून या." पोस्टडॉकला सहज सांगितलेलं काम म्हणजे हुकूमच. माझा विषय फिल्मचं प्लॅस्टिक कसं सडतं हा. पण तीन वर्षांत खऱ्या सिनेमाच्या रिळाला मी हात लावलेला नाही. आमचे नमुने म्हणजे कापून ठेवलेल्या पट्ट्या.

ओसाकातल्या या कोरियन बाजाराच्या आतल्या गल्लीत किमचीचं, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीचं, दुकान. मालकीण ओकसुन-सान, पंचाहत्तरीच्या, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, त्यावर लाल तिखट. वरच्या मजल्यावर त्यांचे थोरले भाऊ राहतात, प्यो इन-हो. कोरियात अकरा सिनेमे केलेला माणूस. सगळे त्यांना 'कांतोकु' म्हणतात, म्हणजे दिग्दर्शक. शेवटचा सिनेमा करून पस्तीस वर्षं झाली, पण समोरचा मासेवालाही कांतोकुच म्हणतो.

मला मागच्या कोठीत नेलं. कोबीची पिंपं, लसणाच्या जाळ्या, आणि भिंतीला एक पत्र्याची ट्रंक. दारातच आंबट वास आला. "तो दुकानाचा," ओकसुन-सान म्हणाल्या. "तीस वर्षं आहे." ट्रंक उघडली आणि डोळ्यांतून पाणी आलं. फिल्म सडायला लागली की तिला व्हिनेगरचा वास येतो. दुसऱ्या कुठल्याही घरात कुणी तरी नाक मुरडलं असतं. इथे सगळ्यांनी तो किमचीच्या नावावर खपवला!

बाईंना हे सांगितलं तर त्या पिंपावरच बसल्या. "मी रोज येते हो इथे," एवढंच दोनदा म्हणाल्या. मला स्वतःचाच राग आला. जरा बेतानं सांगायला हवं होतं.

कांतोकु खाली आलेच नाहीत.

१० नोव्हेंबर

विनय म्हणतो, "मग किमचीपण खराब झाली असेल ना?" असल्या माणसाशी लग्न केलंय मी.

ओकुदा-सानचा फोन. त्यांचं नाकाझाकीला छोटं थिएटर आहे, बासष्ट खुर्च्यांचं. मार्चमध्ये त्यांना कांतोकुंचे सिनेमे दाखवायचेत. बाकीचे मिळाले, पण 'खालचा श्वास', सहासष्ट सालचा, तो कुठेच नाही. सोलची मूळ प्रत केव्हाच नष्ट झाली. एक प्रत मियागीत किनाऱ्यावरच्या एका संग्राहकाकडे होती. २०११च्या त्सुनामीत ती गेली, घर गेलं, तोही गेला. म्हणजे आता जगात जे काही आहे ते त्या ट्रंकेत. नऊ रिळं.

एवढी मोठी गोष्ट आणि सेन्सेई म्हणतात 'जरा बघून या'.

२३ नोव्हेंबर, सुट्टी

कांतोकु भेटले. एकोणऐंशी वर्षांचे, काटक, कान टवकारून बसतात. नजरेच्या मधोमध त्यांना आता काही दिसत नाही, फक्त कडेकडेचं दिसतं. त्यामुळे बोलताना ते माझ्या खांद्याकडे बघतात.

मी वही काढली तर म्हणाले, "आधी लसूण." समोर परात ठेवली. मला वाटलं थट्टा आहे. तासभर सोलला! नखं चुरचुरायला लागली तेव्हा बोलले. "आता तुमचा चेहरा खोटं बोलत नाही. मघाशी तुम्ही शास्त्रज्ञ होऊन बसला होतात."

हीच त्यांची पद्धत होती म्हणे. नटाला कधीही रडायला, हसायला सांगायचं नाही. खरं काम द्यायचं — जाळं विण, अख्खं पोतं धान्य निवड — आणि तो काम करताना थकला की कॅमेरा सुरू करायचा. काम संपलं की शॉट संपला. निर्माते डोक्याला हात लावायचे. त्या काळी कोरियात सगळे आवाज नंतर स्टुडिओत भरत. हे गृहस्थ मात्र पाणबुड्या बायकांच्या श्वासाचा आवाज घ्यायला टेपरेकॉर्डर होडीत घालून समुद्रात गेले, आणि परतताना रेकॉर्डरसकट पाण्यात पडले. टेप वाचली. "मी बुडालो असतो तरी चाललं असतं," म्हणाले. गंमत करत नव्हते.

जन्म इथलाच, ओसाकाचा. आईवडील जेजू बेटावरून कामाला आलेले. लढाई संपल्यावर कुटुंब परत गेलं, तेव्हा हे अकरा वर्षांचे. आईवडील लवकर गेले. सतराव्या वर्षी सोलला पळाले, स्टुडिओत दिवे उचलले. सत्ताविसाव्या वर्षी पहिला सिनेमा. सिनेमे थांबल्यावर ओसाकाला बहिणीकडे परत. कुणीही हाताला धरून शिकवलं नाही. मी आजवर ज्यांना हुशार म्हटलं त्या सगळ्यांची यादी आज मनातल्या मनात फाडून टाकली.

२४ नोव्हेंबर

डब्यांत काल ठेवलेल्या तपासणीच्या पट्ट्या आज काढल्या. पट्टी निळी राहिली तर फिल्म ठीक, आंबट हवा लागली की हिरवी, मग पिवळी. एक ते आठ — हिरव्या. वाचतील.

नववी पिवळी जर्द. आत रीळ कुठलं, सगळा एकच गठ्ठा झालाय. आणि नववं म्हणजे शेवटचं. सिनेमाचा शेवट!

२१ डिसेंबर

पहिली आठ रिळं स्कॅन होऊन आली. दुपारी ओकुदा-सानच्या थिएटरात आम्ही तिघंच — ते, मी, कांतोकु. कांतोकु पडद्याकडे तिरके बसले होते, कडेनं थोडं दिसतं म्हणून.

मला सिनेमातलं काही कळत नाही. पण मी तासभर पाय हलवला नाही. एक पाणबुडी बाई आहे. समुद्रात बुडी मारायची, शिंपले काढायचे, वर येऊन शीळ घातल्यासारखा श्वास सोडायचा. अठ्ठेचाळीस सालच्या सरकारी धरपकडीत तिच्या नवऱ्याला उचलून नेलंय. गावात कुणी त्याचं नाव घेत नाही. मग एक अधिकारी कागद घेऊन येतो. 'माझा नवरा स्वतःहून घर सोडून गेला' असं त्यावर लिहिलंय. बाईनं अंगठा उठवला की गावाला मोटरबोट मिळणार. कालपर्यंत जे शेजारी तिला टाळायचे ते आता तिच्या दारात भाजी आणून ठेवतात. तिला कुणी एक वाकडा शब्द बोलत नाही, आणि तेच बघवत नाही.

ती बाई नटी नाही. मालजा नावाची खरी पाणबुडी, कांतोकुंच्याच गावची. शिंपल्याला सुरी लावताना तिचा अंगठा नुसता बघत राहावा. आठवं रीळ संपतं तिथे ती कंबरेला वजनं बांधतेय, अधिकारी किनाऱ्यावर उभा आहे. मग पडदा पांढरा.

अंधारात मी रडले. दिवे लागल्यावर ओकुदा-सानही चष्मा पुसत होते, तेव्हा बरं वाटलं.

४ जानेवारी २०१४

आज विचारलंच — पुढे काय होतं?

कांतोकुंनी अख्खं नववं रीळ तोंडी सांगितलं. बाई बुडी मारते. कॅमेरा हलत नाही, नुसतं पाणी. बाकीच्या बायका मनातल्या मनात मोजतात. अधिकारी घड्याळ बघतो. ती वर येत नाही. मग लांबून, खडकापलीकडून, शीळ घातल्यासारखा श्वास ऐकू येतो. ती दिसत नाही. एकदम शेवटी, पार दूर, एक ओली आकृती टेकडी चढत जाते. वळून बघत नाही. कागद अधिकाऱ्याच्या हातात तसाच.

म्हणाले, "हे रीळ सेन्सॉरनं कापलं. सोलमध्ये कुणी पाहिलंच नाही."

ओकुदा-साननी ठरवलंय, नववं रीळ नाही मिळालं तर कांतोकु पडद्याशेजारी उभे राहून हा शेवट सांगतील. मूकपटांच्या काळी निवेदक सांगायचे तसा. मला ही कल्पना फार आवडली. पण मी रीळ वाचवणार. हट्टच आहे आता.

१९ जानेवारी

थंड पेटीत कोरड्या हवेखाली गठ्ठा सुटायला लागलाय. आज चार मीटर. एका हातानं द्रावकाची वाफ, दुसऱ्यानं चिमटा. नाकी नऊ आले.

८ फेब्रुवारी

थिएटरात कांतोकुंची तालीम. मी मागच्या रांगेत. "नुसतं पाणी" असं ते म्हणाले आणि थांबले, तर मला पाणी दिसलं. ओकसुन-सान माझ्या शेजारी होत्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनी नाही. मांडीवरची पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. मी म्हटलं, किती सुंदर सांगतात ना! त्या म्हणाल्या, "लहानपणापासून छान सांगतो."

नववं रीळ तीन चतुर्थांश सुटलं. विनय फोनवर म्हणाला, "तू त्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडलीयेस." पडलेय. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

२६ फेब्रुवारी

नववं रीळ वाचलं! डाग आहेत, कडा वितळल्यात, पण अकराच्या अकरा मिनिटं आहेत. दुपारी फाइल आली. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. मी दार लावून घेतलं आणि बघितलं.

बाई बुडी मारते. दहा सेकंदांत वर येते, हसत. किनाऱ्यावर येते. अधिकारी छत्री धरतो. ती कागदावर अंगठा उठवते. जवळून दाखवलाय अंगठा, शाईत बुडवलेला. मग मोटरबोट, झेंडे, बँड, गाव हात हलवतंय. गोड गोड आवाजात कुणी प्रगतीबद्दल सांगतंय. संपलं.

तीनदा बघितलं. पाणी नाही. टेकडी नाही. काहीच नाही.

कापलेलं रीळ नाहीच हे. हाच शेवट आहे. आणि चित्रीकरण त्यांचंच — उजेड तोच, कॅमेरा धरायची तऱ्हा तीच. कांतोकु जो शेवट सांगतात तो कधी घेतलाच नव्हता.

२७ फेब्रुवारी

ओकुदा-सानना अहवाल पाठवला. 'रीळ क्र. ९ — प्रतिमा वाचण्यायोग्य नाही.' खाली सही, शिक्का.

झालं. त्यांना त्यांचा शेवट सांगू दे. ऐंशीच्या घरातल्या माणसाला बासष्ट लोकांसमोर खोटं पाडून कुणाचं भलं होणार आहे? पाणीच बरोबर आहे. पाणीच खरं असायला हवं होतं.

१ मार्च, शनिवार

विनयला सांगितलं. त्याचं काम मोटारीच्या ब्रेकच्या तपासणीचं. त्यानं हातातला चहा खाली ठेवला.

"तू डेटा लपवलास?"

"सिनेमा आहे तो. ब्रेक नाही."

"अगं, सहीवाला कागद आहे! आमच्याकडे नापास पार्ट कुणी पास दाखवला तर तो माणूस दुसऱ्या दिवशी नसतो. आणि तूच म्हणतेस ना, तीन वर्षांत एक आकडा इकडचा तिकडे केला नाही म्हणून?"

मग मी ओरडले. त्याला सिनेमातलं काय कळतं, त्याला माणसातलं काय कळतं, वगैरे. तो बरोबर होता म्हणून जास्तच ओरडले. संध्याकाळच्या ऐवजी दुपारच्याच गाडीनं गेला. डब्यात थालीपिठं तशीच राहिली.

५ मार्च

ओकसुन-सानचा फोन — "कांतोकु बोलावतायत." पाय निघत नव्हता.

वर गेले. आज लसूण नव्हता. ते एकदम म्हणाले, "रीळ वाचलं ना?"

मी म्हटलं, अहवालात लिहिलंय ते...

"प्रत्येक चार मीटरला तुम्ही मला फोन केलात. रीळ मेलं तेव्हा केला नाहीत. ओकुदाला कागद पाठवलात." माझ्या खांद्याकडे बघत होते. "काय दिसलं?"

मला खोटं बोलता आलं नाही. सांगितलं. छत्री, अंगठा, बँड. ते मान डोलवत ऐकत होते, तपशील बरोबर आहेत ना एवढंच बघत असल्यासारखे.

मी विचारलं, "तुमच्यावर जबरदस्ती केली होती ना?"

"नाही. सोलला ऑफिसात बोलावलं, चहा दिला. म्हणाले, शेवट जरा उजेडाचा करा, नाहीतर पुढचा सिनेमा कसा मिळेल? कपही छान होते. मी परत आलो आणि अर्ध्या दिवसात शेवट घेतला."

मग मालजा-सानचं सांगितलं. आईवडील गेल्यावर या दोघा भावंडांना तिनं दोन वर्षं घरात ठेवलं होतं. तिच्या नवऱ्याला खरंच उचलून नेलं होतं. तोच कागद तिच्यापुढे खराखुरा आला होता, आणि तिनं अंगठा दिला नव्हता. त्यापायी वर्षानुवर्षं गावाचं सोसलं. तीच गोष्ट सांगायची म्हणून तिनं सिनेमात काम केलं.

"कॅमेरा सुरू होता. शाई समोर होती. तिनं विचारलं, 'इन-हो, उठवू?' माझं नाव घेतलं. मी म्हणालो, उठव. मी नटांना खरं काम देतो ना? तेही खरंच काम झालं. तिनं अंगठा उठवला, पुसला आणि घरी गेली. त्या दिवसापासून माझ्याशी बोललेली नाही. दुसरा शेवट मी नंतर रचला. इतक्यांदा सांगितला की पाण्याचा रंगसुद्धा आठवतो."

दारात ओकसुन-सान उभ्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं, इतकी वर्षं.

मी म्हटलं, "तुम्ही सांगता तो शेवट जास्त चांगला आहे. म्हणून मी—"

"माहीत आहे. तुम्ही मायेनं खोटं केलंत, मी भीतीनं. तुमचं कारण चांगलं आहे. पण तुमच्या सहीचा कागदही त्या अधिकाऱ्याच्या कागदासारखाच आहे." मग बहिणीला म्हणाले, "जेजूला पत्र टाक. मालजा-सानना तिकीट पाठव. येणार नाहीत, तरी पाठव."

ज्या माणसाबद्दल मला वाटायचं की तो कधी चुकलाच नसेल, तो चुकलेला कळला आणि मला तो आधीपेक्षा मोठा वाटतोय. हे विनयला कसं समजावू?

६ मार्च

सेन्सेईंना सगळं सांगितलं. "दुरुस्त केलेला अहवाल आजच. ओकुदा-सानना पत्र तुमच्या हातानं." एवढंच. ३१ ला माझा करार संपतोय, त्याबद्दल एक अक्षर नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

'रीळ क्र. ९ — प्रतिमा पूर्ण वाचण्यायोग्य. पूर्वीची नोंद चुकीची असून ती मी जाणूनबुजून केली होती.' पाठवल्यावर भूक लागली.

विनयला तोच मजकूर पाठवला. उत्तर आलं — 'पंधराला येतो. सिनेमाला.'

११ मार्च

दोन सेहेचाळीसला प्रयोगशाळेत सगळे उभे राहिलो. त्सुनामीला तीन वर्षं झाली. मला मियागीतला तो माणूस आठवला, ज्याच्याकडे दुसरी प्रत होती. त्यानं नववं रीळ पाहिलं असेलच. तरी जपून ठेवलं.

१५ मार्च, शनिवार

बासष्ट खुर्च्या भरल्या. विनय माझ्या शेजारी. आठवं रीळ संपलं, कांतोकु पडद्याशेजारी जाऊन उभे राहिले, लोकांकडे तोंड करून. सगळ्यांना वाटलं आता सांगणार. नववं रीळ सुरू झालं. अकरा मिनिटं ते तसेच उभे होते. एक शब्द बोलले नाहीत.

तिसऱ्या रांगेत, काठी घेतलेल्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या मालजा-सान. पडद्यावर अंगठा उठला तेव्हा हलल्या नाहीत. दिवे लागले तशा उठल्या, मधल्या वाटेनं चालत बाहेर गेल्या. ओकसुन-सान मागे धावल्या आणि एकट्याच परत आल्या.

"गेली?" कांतोकुंनी विचारलं.

"गेली."

"वळून बघितलं?"

"नाही."

"शाबास," कांतोकु म्हणाले.